आशालताची सहा फुटी मॅच

आशालता राऊतला कुणी ‘तू नुसतं ऐक’ म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला तसं कारणही होतं. बाईने अख्खी नोकरी वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. आखातात गेलेल्या नवऱ्याचं तीन मिनिटांचं रडू, दादरच्या व्यापाऱ्याने केळीच्या घडांवरून घातलेला वाद, पळून जायचं ठरवणाऱ्या पोरीची कुजबुज, सगळं तिच्या कानांतून गेलं. तोंड मात्र एकाचंही बघितलं नाही. बाजारात भेंडी निवडताना शेजारी कुणी बोललं की आवाज ओळखायची आणि मनात म्हणायची, अच्छा, सासूशी भांडतो तो हाच होय. वरून अगदी साळसूद.

क्रिकेटसुद्धा तिने असंच ऐकलं. एक्स्चेंजच्या टेबलाखाली ट्रान्झिस्टर, आवाज मुंगीएवढा. चेंडू सीमेपार जायचा आणि इकडे विरारचा कॉल भलत्याच घरी जोडला जायचा. तिने ठरवूनच टाकलं होतं की रिटायर झालं की एकही मॅच सोडायची नाही, डोळे भरून बघायच्या. आणि खरंच दोन वर्षं बघितल्या. नंदाखाल गावातल्या घरात, मागे नारळी-केळीची वाडी, पुढ्यात टीव्ही, मांडीवर सोलायला वाल. नवरा सुधाकर दार वाजवून दमायचा, पण ओव्हर संपल्याशिवाय कडी निघायची नाही.

मग डोळ्यांत डाग पडला. दोन्ही डोळ्यांत, बरोब्बर मधोमध. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल, चष्म्याने सुधारणार नाही. म्हणजे झालं काय, की समोर माणूस बसला तर त्याचे कान दिसायचे, तोंडाच्या जागी ओल्या पाटीवर बोट फिरवल्यासारखं. घरात आल्यावर ती सुधाकरकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, तुमचे कान एवढे मोठे आहेत हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही.”

सुधाकर बिचारा कानांना हात लावून बसला.

त्यावर तिने आपला उपाय काढला. टीव्हीला नाक लावून बसायचं. एकवीस इंची टीव्ही, त्याच्यासमोर आशालताचं डोकं, म्हणजे मागच्यांना दिसायचा तो तिचा अंबाडा. फलंदाज आऊट झाला की तिचं सुरू व्हायचं, “कसा झाला? आत आलेला का चेंडू? पुढे आलेला का तो?” आणि मागून सुधाकर, “झाला गं आऊट. आता झाला तो झाला.”

एकदा मुलगाही बोलून गेला. जितेंद्र, अंधेरीला कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. “आई, कॉमेंट्री असतेच ना. तू नुसतं ऐक.”

सुधाकर लगेच उठून पाणी प्यायला गेला.

“तीस वर्षं ऐकलं रे,” आशालता म्हणाली. “जगाचं ऐकलं. आता मला दाखव. कसं दाखवायचं ते तू शिकलायस, त्यासाठी आम्ही फिया भरल्या.”

तेव्हा जितूने मनावर घेतलं नाही. गणपतीत मात्र गंमत झाली. २००७ साल. मंडळाने आरतीनंतर मंडपात पांढरी चादर ताणली आणि कुठूनसा प्रोजेक्टर आणून मॅच लावली. आशालता प्रसाद वाटायला म्हणून गेली आणि पातेलं हातात घेऊन खांबापाशी थबकली. ती चादरीकडे बघतच नव्हती. बाजूच्या मखराकडे बघत होती, कारण मान तिरकी केली की चादर डोळ्याच्या कडेत यायची, आणि कडेने तिला दिसायचं. एवढा मोठा फलंदाज. हेल्मेटची जाळी दिसली. जाळीआड ओठ चावतोय, तेसुद्धा दिसलं. कितीतरी महिन्यांनी तिने माणसाचं तोंड बघितलं होतं. शिऱ्याचं पातेलं थंडगार झालं तरी बाई हलेना.

घरी आली ती फर्मान घेऊनच. “जितू, मला ते पाहिजे. हॉलमध्ये.”

“आई, मोठा टीव्ही घेऊ. बत्तीस इंची. लोक तोच घेतात.”

“लोकांचे डोळे चांगले आहेत. मला भिंतभर पाहिजे.”

“दादाला विचारलं का?” सुधाकर हळूच म्हणाला.

हा सुधाकरचा जन्माचा प्रश्न. घरात खिळा ठोकायचा तरी दादाला विचारलं का. दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, रामनाथ. जुनं घर पाडून दोघा भावांनी एकाच वाडीत शेजारी-शेजारी घरं बांधली होती. त्यांचं येईलच पुढे. आशालताने सुधाकरकडे, म्हणजे त्याच्या कानांकडे बघितलं आणि म्हणाली, “दादांना मॅच आवडत नाही. त्यांना कशाला त्रास?”

वसई स्टेशनजवळच्या दुकानात विकी नावाचा पोरगेला मालक होता, केसांना जेल, बोटात अंगठ्या. त्याने आशालताला आणि जितूला मागच्या काळोख्या एसी खोलीत नेलं आणि एक छोटा प्रोजेक्टर लावला.

“देखो आंटी, एकदम थेटर. ह्यात लुमेन्स पण आहेत, काँट्रास्ट पण एकदम मस्त आहे.”

“दिवा लाव,” आशालता म्हणाली.

“आंटी, प्रोजेक्टर अंधारातच बघायचा असतो.”

“आणि मॅच उन्हात असते. दुपारी माझ्या हॉलमध्ये ऊन येतं. मी काय मॅच बघायला रात्रीची वाट बघू? लाव दिवा. ते दार पण उघड.”

विकीने जितूकडे बघितलं. जितूने छताकडे. दार उघडलं, दिवा लागला, आणि भिंतीवरचं चित्र पाणी घातलेल्या ताकासारखं झालं.

“हा नको. दुसरा.”

दुसरा तसाच. तिसऱ्याला विकी म्हणाला, “आंटी, हे ऑफिसवाले घेतात. दिसायला जरा डब्बा आहे, घरात शोभणार नाही.”

“मला त्याच्याशी लग्न नाही करायचं. लाव.”

तो लागला तशी ती खोलीच्या कोपऱ्यातल्या झाडूकडे तोंड करून उभी राहिली. विकीला वाटलं आंटी रुसली. पण तिला दिसत होतं. उजेडातसुद्धा, भिंतीवरच्या बाईच्या नाकातली चमकी दिसत होती.

“त्या बाईला सर्दी झालीय का रे? नाकपुडी लाल आहे.”

जितूने बघितलं. खरंच लाल होती.

“हाच,” आशालता म्हणाली.

आता घेणं सोपं. लावणं म्हणजे काय असतं ते पुढच्या रविवारी कळलं. जितूने भोकं पाडायच्या आधी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, कपाटावर, शिडीवर, जिथे जमेल तिथे प्रोजेक्टर ठेवून बघायचं ठरवलं. पहिली गोष्ट ही कळली की भिंत पिस्ता रंगाची आहे. सुधाकरने हौसेने लावलेला रंग. त्यावर दोन्ही टीमा कावीळ झाल्यासारख्या दिसायला लागल्या. “अंपायरला तरी उसाचा रस पाजा,” आशालता म्हणाली आणि सोमवारी भिंतीला पांढरा हात मारून घेतला. सुधाकर दोन दिवस त्या भिंतीकडे बघत नव्हता.

मग प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला, तर आशालताचीच सावली पडली. तिला भिंतीपासून हातभर अंतरावर बसणं भाग, आणि खालून उजेड आला की पिचच्या मधोमध अंबाडा. म्हणजे प्रोजेक्टर उंच पाहिजे. मागच्या भिंतीवर अगदी वर ठेवला, तर मध्ये पंखा. आपल्याकडे पंखा हॉलच्या नेमक्या मध्यात असतो. पाती उजेड कापायला लागली आणि चित्र असं फडफडायला लागलं की सुधाकरला मळमळलं. पंखा बंद करून बघितला, ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळ्यांचे गंजीफ्रॉक पिळायची वेळ आली.

जितू टेप घेऊन बराच वेळ शिडीवर खाली-वर करत होता. शेवटी शिडीवरच बसून म्हणाला, “आई, एकच जागा आहे. पंख्याच्या मागे, बीममधून पाईप खाली सोडायचा, पात्यांच्याही खाली. तिथून सहा फूट रुंद चित्र बरोबर बसतं, तुझ्या डोक्यावरून जातं.”

“मग लाव की.”

जितू शिडीवरून खाली उतरला. त्याने नुसतं बोट दाखवलं. त्या बीममध्ये लोखंडी हूक होते, आणि त्या हुकांना झोपाळा टांगलेला होता.

आता झोपाळ्याबद्दल सांगायला पाहिजे. सागवानी फळी, पितळी कड्या, सुधाकरच्या वडिलांचा. जुनं घर पाडल्यावर तो खरं तर थोरल्याकडे, रामनाथकडे जायचा. पण रामनाथच्या बायकोला, हंसाला हॉलमध्ये सोफासेट पाहिजे होता. तिने झोपाळा बिनबोभाट धाकट्याच्या घरी ढकलला. झोपाळा इकडे आला तो रामनाथला घेऊनच. रोज संध्याकाळी वाडीतून पाय धुऊन रामनाथ यायचा, झोपाळ्यावर बसायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि निकाल द्यायचा. विहिरीवर कुठला पंप बसवायचा, जितूला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं झोपाळ्यावरून. आशालता नवी सून होती तेव्हा तिच्या नोकरीचा निकालही तिथूनच आला होता, जुन्या घरात. “घरातली बाई रात्रपाळी करनार नाय.” दुसऱ्या दिवशी आशालताने डबा भरला आणि रात्रपाळीला गेली. वाद नाही, रडारड नाही. तेव्हापासून रामनाथ तिच्याशी बोलताना आधी खाकरायचा.

पण झोपाळ्यावर मात्र ती कधी बसली नव्हती. सासरे असताना नाही, नंतर दीर असतानाही नाही. तिचं काम दसऱ्याच्या आधी कड्या उतरवून चिंच लावून घासायचं. दरवर्षी न चुकता. घासून लखलखीत करायच्या, पूजा करायची, परत टांगायच्या आणि दुसऱ्याने बसायचं.

रामनाथला बातमी लागली ती अर्थात सुधाकरकडून. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून त्याने खाकरून घेतलं.

“आशा, घरात थेटर करायचं नाय. डोळे अधू झाले तर मानसाने देवाचं नाव घ्यावं. ऐकायला येतं ना तुला? मग?”

“चहा घ्या भावजी,” आशालता म्हणाली.

रामनाथला वाटलं, विषय संपला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तिने नेहमीप्रमाणे झोपाळा उतरवला. कड्या चिंचेच्या कोळात बुडवल्या, नारळाच्या शेंडीने घासल्या, वाळवल्या, फुलं वाहिली. रामनाथने येताजाता बघितलं आणि समाधानाने मान हलवली. पूजा झाल्यावर मात्र तिने गड्याला बोलावलं आणि झोपाळा घेऊन ती वाडीत गेली. फणसाच्या आडव्या फांदीला तो टांगला, उंची बघून, कललेली बाजू सारखी करून. आणि हॉलमधल्या हुकांना जितूने पाईप लावला, पाईपाला प्रोजेक्टर. लाईट मध्येच गेली तर प्रोजेक्टरमधला दिवा खराब होतो म्हणून खाली बॅटरीचा एक ठोकळाही आणून ठेवला. त्या काळात लाईट कधी जाईल याला काही नेम नव्हता.

संध्याकाळी रामनाथ पाय धुऊन आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

“हे काय?”

“प्रोजेक्टर.”

“ते दिसतंय मला. झोपाळा कुठाय?”

“फणसाखाली. हवा छान येते तिथे.”

“घासायला काढलास ना तू?”

“घासला की. जाऊन बघा, तोंड दिसेल त्यात.”

“घासून परत लावायचा असतो.”

“दरवर्षी लावते. यंदा नाही लावला.”

रामनाथने सुधाकरकडे बघितलं. सुधाकरला एकदम विहिरीवरचा पंप चालू राहिल्यासारखं वाटलं आणि तो बघायला गेला. लाईट नव्हती, पंप चालणार कसा, पण गेला.

“आमच्या बाबांची जागा हाय ती,” रामनाथ म्हणाला. वाईट वाटलं असेल, माणूसच तो.

“होय. बाबा बसले, मग तुम्ही बसलात. कड्या मी घासल्या. जागा हॉलमध्ये आहे भावजी, आणि हॉल माझ्या घरात आहे. तुमच्या घरी न्यायचा असेल झोपाळा तर आत्ता माणूस देते.”

हंसाचा सोफासेट दोघांच्याही डोळ्यांपुढे आला असणार.

“तुला टीव्ही पुरत नाय?”

“नाही पुरत. मला तुमचं तोंड दिसत नाही, भावजी. कान दिसतात. उद्या डाग आणखी वाढेल, मग मी आहेच ऐकायला. तोवर मी बघणार. कुणाला विचारून नाही, आणि कुणाला वाईट वाटतं म्हणून थांबून नाही.”

“मी या घरात परत पाय ठेवनार नाय.”

“चहा फणसाखाली पाठवते. साखर नकोच ना?”

आणि खरंच, पाठवला. रोज संध्याकाळी चहाचा कप वाडीत जायचा आणि रिकामा होऊन यायचा. बोलणं बंद, चहा चालू. सुधाकर मात्र वाळत चालला. “अगं, दादाला किती लागलंय. एक दिवस जाऊन बोल. नुसतं चुकलं म्हण.”

“काय चुकलं?”

“असं काही नाही गं, म्हणायचं असतं.”

“मग तुम्ही म्हणा. तुमची पंपाकडे जायची सवय पण मोडेल.”

दिवाळीच्या सुमाराला पाकिस्तानची टीम आली. दुपारची मॅच. भिंतीवर सहा फूट हिरवं मैदान पसरलं, आशालता आपल्या वेताच्या खुर्चीत, भिंतीपासून हातभर लांब. मान वळवलेली, नजर थेट बाहेरच्या दरवाजावर. मॅच बघायची तिची तीच तऱ्हा. दरवाजाकडे बघितलं की भिंत डोळ्याच्या कडेत यायची. जितू आणि सुधाकर मागे सतरंजीवर.

वाडीत रामनाथला आवाज येत होते. भिंतीपलीकडून अख्खं गाव ओरडतंय आणि आपण फणसाखाली एकटे, हे किती वेळ सहन होणार? तो उठला, सहज पाय मोकळे करतोय असं दाखवत अंगणात आला. आणि दरवाजातून बघतो तर काय, आशालता त्याच्याकडेच बघतेय. टक लावून. हसू आलेलं तोंडावर, डोळ्यांत पाणी, हात जरासा पुढे, जणू ‘या’ म्हणतेय.

रामनाथ विरघळला. इतके दिवस वाट बघत बसली असेल बिचारी, त्याला वाटलं. त्याने चप्पल काढली, खाकरला आणि उंबरा ओलांडून आत आला.

“बरं बरं,” तो म्हणाला. “एवढी बघतेस तर आलो. झालं गेलं विसरून जाऊ.”

नेमका तो उजेडात उभा. पांढऱ्या सदऱ्यावर अख्खी स्लीप उतरली, पोटावर विकेटकीपर. भिंतीवर रामनाथएवढं काळं भोक.

“कोण ते?” आशालता ओरडली. “बाजूला व्हा, बॉल टाकतोय तो.”

“मी. रामनाथ. तू बोलावलंस ना?”

“मी कशाला बोलावू?”

“बघत होतीस माझ्याकडे.”

“तुमच्याकडे नाही हो. बॉलरकडे. काय सुंदर रनअप आहे त्याचा, पावलं मोजली मी. भावजी, आत या नाहीतर बाहेर जा. मध्ये नका.”

सुधाकरला वाटलं, आता दादा जाणार, आणि या वेळी चहाचा कपही परत येणार नाही. रामनाथ तसाच उभा होता, पोटावर विकेटकीपर घेऊन. दीर घरात आला की सुना उठून उभ्या राहतात. आशालता उठली नाही. मानही वळवली नाही तिने.

मग रामनाथ वाकून उजेडाच्या खालून पलीकडे गेला आणि जितूच्या शेजारी सतरंजीवर बसला. गुडघे कटकन वाजले. थोड्या वेळाने त्याने जितूला कोपराने ढोसलं.

“यातला आपला कोन?”

“निळे आपले, काका.”

“मग ते हिरवे कशाला एवढे हसतायत?”

“अहो, आपला आऊट झाला म्हणून,” आशालता म्हणाली. “पाय हलवलाच नाही त्याने. मी बघितलं.” आणि तिने ते दोनदा सांगितलं, पाय हलवलाच नाही, मी बघितलं, जसं काही बाकीच्यांनी बघितलंच नव्हतं.

झोपाळा काही हॉलमध्ये परत आला नाही. रामनाथ निकाल फणसाखालून द्यायला लागला, पण तिथे पाखरांखेरीज कुणी ऐकायला नसायचं, म्हणून निकाल जरा कमी झाले. मॅचच्या दिवशी मात्र तो सतरंजीवर, स्वतःची उशी घेऊन. आशालताला भाबडेपणाने कुणी विचारलंच, की शेवटी गोड झालं ना सगळं, तर ती म्हणायची, “गोड कसलं? चहा बिनसाखरेचाच पितात ते.”

पुढच्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डाग वाढला होता. जितू सोबत होता, त्याचं तोंड उतरलं. आशालता घरी आली, खुर्चीत बसली, दरवाजाकडे तोंड करून भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने सुधाकरला हाक मारली.

“अहो, चित्र मोठं करायला लागेल. आठ फूट तरी. या बाजूला काय आहे?”

“शोकेस,” सुधाकर म्हणाला. “माझ्या आत्याने दिलेली. लग्नात.”

“तिच्यातल्या बाहुल्या काढून ठेवा. दुपारपर्यंत भिंत मोकळी पाहिजे.”

“अगं, पण आत्याला विचा—”

“अहो,” आशालता म्हणाली. “बाहुल्या.”

सुधाकरने शोकेसचं दार उघडलं.